बोर्डावरचं बटण

हे मी बायकोलाही बोललेलो नाही. मुजीबला तर नाहीच, आणि तो माझा दुसरीपासूनचा दोस्त आहे. दोन-तीनदा ओठांवर आलं होतं — एकदा तर त्याच्या गाडीवर मागं बसलेलो असताना, तोंड दिसत नाही तेवढ्यात सांगून टाकावं म्हणून — पण गिळलं. आता तुम्ही ऐकताय, तर सांगतो. सुरुवातीला हसू येईल. हसा. गोष्ट एका गेमची आहे.

राक्षस, तलवारी, मंतरलेली जंगलं, असला कम्प्युटरवरचा गेम. त्यात माणूस चौघांची टोळी घेऊन निघतो. एक लढतो, एक जखमा बऱ्या करतो, एक लांबून बाण मारतो. मी टोळी सोडून दिली. जाणार तर एकटा, आणि तेही सगळ्यात कठीण पातळीवर — जिथं एकदा मेलं की सगळं पुसलं जातं, पुन्हा अगदी पहिल्यापासून. का? कुणी सांगितलं होतं? टॉवेलच्या कारखान्यात मी दिवसभर खोकी ट्रकमध्ये चढवून घेतो. ते काम कुणीही करेल. हे मात्र कुणालाही जमणारं नव्हतं, आणि मी मुजीबपुढं बोलून बसलो होतो, करूनच दाखवतो म्हणून.

त्या गेमनं माझं रक्त आटवलं. पुलावरून पडून मेलो. विषानं मेलो. एकदा बेडकानं मारलं — बेडकानं! आणि दर वेळी तेच पहिलं गाव, तीच म्हातारी, तिची तीच बडबड. कीबोर्डवर मूठ आपटून मी त्याचा तुकडा पाडला. आमच्या सोलापूरचा उन्हाळा, भिंतीला पाठ टेकवत नव्हती, आणि मी घामानं निथळत स्क्रीनला शिव्या घालतोय. बायको बार्शीला माहेरी गेली की मला बरं वाटायचं, इतकं डोकं फिरलं होतं.

घरात आम्ही तिघं. तिसरे अण्णा, माझे वडील. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. त्यांची एक सवय — दिसेल ते बटण बंद करायचं. रिकाम्या खोलीतला पंखा, बाथरूमचा दिवा, टीव्हीचा तो लाल ठिपका. "उगं जळतंय," म्हणायचे आणि खट्. माझा चार्जिंगला लावलेला मोबाइलही त्यातून सुटला नव्हता. आम्ही त्यांची चेष्टा करायचो, तेही हसायचे.

तर एका सुट्टीच्या दुपारी मी शेवटाला पोचलो. बुडालेल्या देवळातला मेलेला पुजारी — तो पडला की गेम संपला. शेवट बघायला मुजीब यायचा होता. मला धीर निघेना. सुरू केलं. पुजाऱ्याचा जीव एवढुसा उरला, माझाही एवढुसा. पिशवीत औषधाच्या बाटल्या होत्या हो! ढीगभर! पुढं लागतील म्हणून जपून ठेवलेल्या. एक प्यायलो असतो तर — पण आधीच्या सगळ्या मरणांचा राग डोक्यात साठलेला. म्हटलं, आता एकच घाव. त्यानं आधी मारलं.

सगळं पुसलं गेलं. अण्णा त्याच खोलीत, बटणांच्या बोर्डालगतच्या खाटेवर होते. चटणीसाठी शेंगा फोडता फोडता त्यांना डुलकी लागली होती.

थोड्या वेळानं मुजीब आला. दारातूनच म्हणाला, "क्या रे, हुआ क्या?"

मेलो, एवढं म्हणायचं होतं. काय अवघड होतं त्यात? पण मग त्यानं विचारलं असतं, कसा मेलास. पिशवीभर औषध घेऊन मेला, हे तो वर्षभर गावाला सांगत फिरला असता. मी म्हणालो, "कसलं होतंय. अण्णांनी बटण बंद केलं. फाइल उडाली सगळी."

आवाजानं अण्णा जागे झाले होते. ते नाही म्हणतील, असं मला वाटलं. भांडायची तयारीसुद्धा केली होती मी. त्यांनी बोर्डाकडं बघितलं. मग स्वतःच्या हाताकडं.

"केलं आसंल की," म्हणाले. "हात जातोय माझा आपसूक. झोपंत कळलं न्हाय बघ. लई दिवस चाललं हुतं न्हवं तुझं?"

मुजीब हसला नाही. पाठीवर हात ठेवला त्यानं माझ्या. आणि मी? मी रुसलो. खोटं खरं दिसावं म्हणून आठवडाभर जेवताना अण्णांशी बोललो नाही.

त्यानंतर अण्णांनी बटणांना हात लावणं सोडलं. खरं सांगू? मला ते सोयीचं वाटलं. मग पुढच्या मे महिन्यात एकदा दुपारीच घरी आलो, तर अण्णा उघड्या अंगानं खाटेवर बसलेले, घडी केलेल्या पेपरानं वारा घेत. अंगावरून पाणी वाहत होतं. कुलर बंद. कम्प्युटर मी सकाळी चालूच ठेवून गेलो होतो, आणि कुलरचं बटणही त्याच बोर्डावर. "तुजं काय चालू आसंल म्हनून न्हाय लावला," म्हणाले.

तेव्हा तरी बोलायचं ना? मी त्यांनाच झापलं. मरायचंय का उन्हानं, म्हणालो. वडिलांना. ज्यांनी हे घर बांधलं, त्यांना.

तीन उन्हाळे झाले. आता स्वतःच्या खोलीतला दिवासुद्धा ते विचारून बंद करतात.

गेल्या महिन्यात मी तो गेम संपवला. एकट्यानं, त्याच पातळीवर. या वेळी बाटल्या प्यायलो. पुजारी पडला आणि मला काहीच वाटलं नाही. अण्णा मागं खाटेवर होते. म्हणालो, "झालं, अण्णा."

ते उठून उभेच राहिले. "झालं का? बरं झालं बाबा. माज्यामुळं ऱ्हायलं हुतं तुजं. मनाला लागून हुतं माज्या."

खोलीत आम्ही दोघंच होतो. तोंड उघडलं मी, अगदी शब्द जुळवून उघडलं. आणि म्हणालो, "जाऊ द्या अण्णा. माझ्या मनात काही नाही."

मी त्यांना माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी — त्यांना.

त्यांचे डोळे भरून आले. बोर्डापाशी गेले, हात मागं घेऊन उभे राहिले, आणि मला विचारलं, "आता बंद करू का?"