कल्ल्यांतले पांढरे दाणे

“साहेब, मासे इकाचे का फेकाचे, थे एकदा सांगून टाका.”

अमरावतीच्या आमच्या सरकारी लॅबोरेटरीच्या पायरीवर बसून यमुनाबाई विचारत होती. कौंडण्यपूरला तिचा नवरा वर्धा नदीत जाळं टाकायचा, ती मासे विकायची. माशांच्या कल्ल्यांत पांढरे दाणे दिसले म्हणून इन्स्पेक्टरने विक्री थांबवली होती. माझ्या रिपोर्टात ‘रोग’ आला असता, तर ते मासे धरत तो डोह हंगामभर बंद. घरात दुसरी मिळकत नव्हती.

दाणा खसखशीहून बारीक. मायक्रोस्कोपखाली ठेवला, तर दोन झडपांची इवलीशी डबी दिसली, एका बाजूला सरळ बिजागरी. अ‍ॅसिडचा थेंब सोडला, बुडबुडे आले. म्हणजे कवच चुन्याचं, किड्याचं नव्हे. नदीतल्या शिंपीची, म्हणजे शिंपल्यातल्या जिवाची, पिल्लं काही दिवस माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, हे मी वाचलं होतं. पण विलायती पुस्तकातल्या चित्रात झडपेच्या टोकाला हुकासारखा आकडा होता. इथे तो नव्हता. मी ‘अज्ञात परोपजीवी’ लिहून मोकळा झालो. पुस्तकावर माझा भारी विश्वास.

देशपांडेसाहेब, माझे वरिष्ठ, सही करता करता थांबले.

“आकडा नाही म्हणून शिंपी नाही?”

“चित्रात आहे, सर.”

“चित्र कुठल्या नदीचं?”

मी रिपोर्ट बिनसहीचाच परत उचलला. मग पायरीवर जाऊन विचारलं, “डोहात शिंप्या आहेत का हो, बाई?”

“हायेत ना. शिंपीनंच लेकरायले दूध पाजतो आमी. पन दाण्यानं भरली असली का परत पान्यात टाकतो. तिच्या पोटात पिलं असते.”

“मग आधी का नाही सांगितलं?”

“तुमी मासे मागतले. शिंपी कुठी मागतली?”

तिसऱ्या दिवशी तिने ओल्या फडक्यात गुंडाळून दाण्यांनी भरलेली शिंपी आणली. “अशी शिंपी आमी कधी मारत नाई, साहेब,” एवढंच म्हणाली. शिंपीतले दाणे आणि माशातले दाणे मी शेजारीशेजारी ठेवले. तीच सरळ बिजागरी, तोच आकार, आकडा दोन्हींनाही नाही. मला मनापासून लाज वाटली. मी आधीची ओळ खोडली आणि ‘शिंपीची पिल्लं, खाणाऱ्याला अपाय नाही’ असं लिहिलं.

डोह उघडला. त्यानंतर रिटायर होईपर्यंत, नमुना घेऊन कोणी आलं की मी त्याला आत बोलावून आधी खुर्ची द्यायचो. पुस्तक नंतर काढायचो.