तादेरने बापाला दिलेला निरोप

तादेर पंधराची असताना तिला क्रिमोनच्या घरी दिली. थेरा बेटावरून इथे वसायला आलेल्या क्रिमोनच्या माणसांनी बरोबर बायका आणल्या नव्हत्या, आणि तिच्या बापाला, इत्थानला, शेजाऱ्यांशी सोयरीक बरी वाटली. झऱ्याच्या वर त्यांचं गाव, खालच्या कुरणात इत्थानच्या टोळीच्या शेळ्यामेंढ्या, असं तीस वर्षं चाललं.

क्रिमोन काही वाईट नवरा नव्हता. थेराला सलग सात वर्षं पाऊस नव्हता. ज्या घरात दोन भाऊ, तिथल्या एकाला खड्यांनी कौल लावून बेटाबाहेर काढलं; क्रिमोन त्यातलाच. जो नाही म्हणेल त्याला मरण. "एकदा परत गेलो होतो," तो सांगायचा. "माझ्याच चुलत्याने किनाऱ्यावरून दगड मारले. उतरूच दिलं नाही." त्यामुळे 'जा की मग आपल्या घरी' असं तिला भांडणातही म्हणता येत नसे.

मग जमिनीच्या आशेने आणखी जहाजं आली. गावाच्या सभेने खालचं कुरण त्या नव्या लोकांना वाटून टाकलं.

"तुझ्या बापाला सांगायचंय," क्रिमोन म्हणाला. "तूच चल. त्यांची भाषा इथं कुणाला नीट येत नाही."

"आणि मी नाही आले तर?"

"मग भालेवाले जातील. त्यांना बोलावं लागत नाही."

ती गेली. इत्थान पूर्वजांच्या थडग्यांपाशी बसला होता. सभेचा म्होरक्या बोलला तसं तिने सांगितलं: पौर्णिमेपर्यंत कळप घेऊन दक्षिणेला निघा.

"हे तू म्हणतेस की ते?" इत्थानने विचारलं.

"ते. मी नुसती सांगते, बाबा."

"मग विचार त्यांना, या थडग्यांचं काय?"

"कुणी हात लावणार नाही," म्होरक्या म्हणाला.

मोजणीच्या खुंट्या तिने सकाळीच पाहिल्या होत्या. एक तर थेट थडग्यांच्या मधोमध ठोकलेली. हे आता सांगितलं, तर तिचे भाऊ काठ्या घेऊन उठतील आणि संध्याकाळपर्यंत एकही उरणार नाही. तिने सांगितलं, "हात लावणार नाहीत म्हणतात."

म्हातारा म्हणाला, "तू चल आमच्याबरोबर."

"पोरींना आपली भाषा येत नाही. थोरलीला दिवस गेलेत. त्यांना टाकून कशी येऊ?"

"मग राहा," तो म्हणाला आणि उठला.

पेरणीच्या आधी थडग्यांवरून नांगर फिरला. ही बातमी दक्षिणेला पोचली. पुढच्या वर्षी तिचा धाकटा भाऊ लोकर विकायला आला तेव्हा झऱ्यावर ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खोटारडी," तो तिच्या तोंडावर म्हणाला आणि मेंढ्या पुढे हाकल्या.

टोळीवाल्यांशी काही बोलायचं असलं की सभा तिलाच बोलावू लागली. ती दर वेळी गेली. दुसरं कुणी असतं तर त्याने काय सांगितलं असतं कोण जाणे, एवढंच ती थोरलीला म्हणायची.