पाडलेल्या चाळीतले मतदार

आमची चाळ पाडली त्याला बरीच वर्षं झाली, पण मतदार म्हणून आम्ही अजून तिथेच राहतो. लालबाग, तिसरा मजला, जिन्यापासून दुसरी खोली. बँकेत, गॅसच्या पुस्तकावर, आधार कार्डावर माझा पत्ता डोंबिवलीचा आहे, कारण मी तिथे राहते आणि तो फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला आहे. मत मात्र तिसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्याच्या जागी सध्या हवा आहे आणि खाली निळे पत्रे.

याला कारण बाबा. चाळ रिकामी करून ते माझ्याकडे राहायला आले तेव्हा मी म्हटलं होतं, आता दोघांची नावं इकडच्या यादीत टाकून घेऊ, दर वेळी तिकडे धावायला नको. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"नाव काढलंस तर खोली गेली म्हणून समज."

"बाबा, खोलीचे कागद वेगळे, मतदार यादी वेगळी. तुमचा करार झालाय बिल्डरशी."

"करार तुझ्याकडे ठेव. माणूस मत देतो तिथला असतो."

मी विमा कंपनीत आयुष्य काढलेली बाई. कोणता कागद कशाला लागतो हे लोकांना समजावण्याचाच मला पगार मिळायचा. पण बाबांपुढे माझं काही चाललं नाही. चाळीतल्या सगळ्यांचाच हा समज होता. कोणी नालासोपाऱ्याला गेलं, कोणी बदलापूरला, कोणी गावी कुडाळला, पण नाव कोणी काढलं नाही. अधूनमधून कोणीतरी बातमी आणायचं की अमक्याने नाव हलवलं आणि बिल्डरने त्याला अपात्र ठरवलं. हा अमका कोण, ते कधीच कळलं नाही.

बाबांचा पक्ष आमच्या घरात देवाच्या फळीइतकाच जुना. शाखा चाळीच्या तळमजल्यावर होती. नळाला पाणी आलं नाही, शाळेत प्रवेश अडला, पोलिसांनी कोणाला उचललं, की माणूस आधी खाली जायचा. गिरणी बंद पडल्यावर बाबांना एका ऑफिसच्या गेटवर वॉचमनची नोकरी लागली, तीसुद्धा शाखेतूनच. पुढे आमच्याच मजल्यावरचा एक मुलगा शाखेत वर चढत चढत पुढारी झाला. माझ्याच वयाचा. माझ्या आईने केलेल्या आंबोळ्या आमच्यापेक्षा त्यानेच जास्त खाल्ल्या असतील. आई आजारी पडली तेव्हा परळच्या हॉस्पिटलात खाट मिळत नव्हती. याने एक फोन केला आणि खाट मिळाली. फोन करून तो थांबला नाही, बाबांशेजारी बाकावर बसून राहिला. आई गेली, पण ते बसणं बाबा विसरले नाहीत.

मला त्या सगळ्याचा राग यायचा. हक्काची गोष्ट मिळाल्यावर हात जोडायचे कशाला, असं मी बाबांना तोंडावर विचारायची. मला विचारायला काय जात होतं? मला पगार होता, कंपनीचा मेडिक्लेम होता. शाखेची पायरी चढायची वेळ माझ्यावर आली नाही, म्हणून माझं मत माझ्या मनाला येईल तिकडे जायचं. कधी कधी मी सुट्टी समजून झोपूनही राहायची. स्वतःला मी फार विचारी समजत होते. ज्याला खाटेसाठी फोन करावा लागत नाही त्याला विचारी होणं सोपं जातं, एवढं त्या वयात कळत नव्हतं.

बिल्डर आला तो याच पुढाऱ्याबरोबर. चाळीच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या, सत्यनारायणासारखी गर्दी जमली. पुढारी म्हणाला, माझी पण खोली आहे इथे, मी तुम्हाला फसवीन का? पहिली सही बाबांनी केली. मग शेजारच्या खोलीतल्या काकी अडून बसल्या. एकटी बाई, नवरा गिरणीच्या संपानंतर वारलेला, मूलबाळ नाही. त्या म्हणत होत्या, मी इथूनच जाणार, स्मशानात. बाबा दोन संध्याकाळी त्यांच्या दारात बसले आणि त्यांना पटवून आले. "आपलाच पोरगा आसा तो," बाबा त्यांना म्हणाले. "आपल्याक कसो फसवीत?"

चाळ पडली. थोडे दिवस बिल्डरकडून भाडं आलं, मग ते थांबलं. आधी बाहेरच्यांना विकायचा टॉवर उभा राहिला, काचांचा, खाली कारंजं. त्याच्या मागे आमच्या इमारतीचे खांब जमिनीतून वर आले आणि तिथेच राहिले. त्यांच्या डोक्यावरच्या सळया गंजल्या. पुढाऱ्याला टॉवरमध्ये वरचा मजला मिळाला. कसा, ते विचारायला आता पटांगण उरलं नव्हतं. काकी नालासोपाऱ्याला पुतण्याकडे गेल्या, स्वयंपाकघरात झोपायला.

तरी मतदानाच्या दिवशी सगळे यायचे. पक्ष गाडी पाठवायचा. बाबा आदल्या दिवशी पांढरा सदरा इस्त्री करायचे आणि सकाळी ड्रायव्हरशेजारी बसायचे. पालिकेच्या शाळेत मत द्यायचं आणि मग पत्र्यांपाशी फुटपाथवर उभं राहायचं, अशी रीत पडली होती. पूर्वी मत देऊन खोलीत येऊन चहा व्हायचा. आता चहा टपरीवरचा.

टॉवर उभा राहिल्यानंतरच्या पहिल्याच मतदानाला मला ते दिसलं. लोक फुटपाथवर ओळीने उभे होते, हातात चहाचे कप, गप्पा चालू. मी कोण कुठे आहे ते बघत गेले आणि मधेच थांबून पुन्हा पहिल्यापासून बघितलं. ते खोल्यांच्या क्रमाने उभे होते. कोणी ठरवलं नव्हतं. टोकाला कोपऱ्यातल्या खोलीतले दोघे भाऊ, मग मास्तरीणबाई, मग काकी, मग बाबा. बाबांच्या पलीकडे, पहिल्या खोलीतल्या लोकांनंतर, दोन माणसांची जागा मोकळी होती. तिथे जिना यायचा. जिन्यापलीकडे पुन्हा माणसं. मधेच आणखी एक जागा रिकामी होती, ती ज्यांची होती ते दोघेही भाड्याच्या खोल्यांत वारले होते. टॉवरमधून एक मोटार बाहेर निघाली तेव्हा ओळ दुभंगली आणि मोटार गेल्यावर जो तो आपल्या जागी परत आला. मी बाबांना हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग कसं उभं राहायचं?

पुढे पक्षाचे दोन तुकडे झाले. जुनी निशाणी एका तुकड्याकडे गेली आणि पुढारी त्या तुकड्यात गेला. विधानसभेला तोच उभा राहिला. टीव्हीवर हे सगळं बाबा महिनाभर बघत होते. त्यांचं हृदय तेव्हा थकलं होतं, पायांना सूज होती, जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायचे. मी म्हटलं, या वेळी राहू दे. पक्षाची गाडी आली होती, तिलाही त्यांनी परत पाठवलं.

"त्याच्या गाडीतून नको. टॅक्सी कर. मी पैसे देतो."

"कोणाला देणार आहात?"

"त्याला नाही." सदऱ्याची बटणं लावत म्हणाले, "त्या काकीला मी घराबाहेर काढलं. माझ्या शब्दावर निघाली ती. एकदा तरी त्याला कळू दे."

मला आठवतं तेव्हापासून बाबांनी दुसऱ्या कोणाला मत दिलं नव्हतं. आधी शिक्का असायचा, मग बटण आलं, निशाणी तीच. आता या माणसाने एवढ्या सुजलेल्या पायांनी लालबागपर्यंत यायचं ठरवलं होतं ते त्या निशाणीच्या विरोधात एक बटण दाबायला. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की टॅक्सीत मी त्यांचा हात धरून बसले. आमच्या घरात असं कोणी करत नाही. त्यांनी हात काढून घेतला नाही.

शाळेत त्यांना रांगेतून पुढे घेतलं. आत ते एकटेच गेले. मी वर्गाच्या दाराशी उभी होते. पुठ्ठ्याच्या आडोशावरून त्यांचं टक्कल दिसत होतं. मशीनचा लांब आवाज झाला, पण बाबा बाहेर येईनात. आतली बाई म्हणाली, आजोबा, झालं तुमचं, चला. तरी ते वाकून बघत होते. शेवटी तिने दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं.

त्यांचा चेहरा पडला होता. मला वाटलं छातीत दुखतंय. मी त्यांना मुलांच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी बटण दाबलेलं बोट माझ्यापुढे धरलं.

"बोट आपसूक गेला गो," ते म्हणाले. डोंबिवलीत आल्यापासून ते माझ्याशी मालवणी बोलणं विसरले होते. "माका दुसरा दाबूचा होता. मी वाचलंय, खंय आसा ता बघितलंय. आणि बोट थंयच गेला. काचेत चिठ्ठी दिसली. तीच निशाणी."

"असू दे बाबा. एका मताने काय होतंय?"

हे मी म्हणायला नको होतं. एका मतासाठीच ते आले होते. ते बाकावर बसून रडले, आवाज न करता, आजूबाजूला चिठ्ठ्या वाटणारी पोरं फिरत असताना. मग पत्र्यांपाशी गेले आणि आपल्या जागेवर उभे राहिले. काकी शेजारी होत्याच. त्यांनी विचारलं, दिलं? बाबा हो म्हणाले. काकींकडे त्यांनी बघितलं नाही. टॅक्सीत एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी बरोबर दाबेन.

पुढाऱ्याचा विजय झाला. मिरवणूक टीव्हीवर दिसली आणि मी तो बंद केला. त्यानंतर कित्येकदा मी बाबांना खिडकीत बसून ते बोट अंगठ्याने चोळताना पाहिलं. त्या बोटाला शाई कधी नव्हतीच. पावसाळा संपता संपता ते गेले. शेवटच्या दिवसांत ते भिंतीकडे बोट करून विचारायचे, जिना कुठे गेला? मी सांगायची, आहे तिथेच आहे.

यंदा महापालिकेची निवडणूक आली. पुढाऱ्याची बायको उभी होती, जुन्याच निशाणीवर. आता माझं नाव डोंबिवलीला हलवायला कोणाची आडकाठी नव्हती. मी ते हलवलं नाही. मला चांगलं माहीत आहे की मतदार यादीने खोली मिळत नाही आणि जातही नाही. लोकांना हेच सांगून मी निवृत्त झाले. तरी राहून राहून मनात यायचं की मी नाव काढलं आणि त्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरची ती खोली खरोखरच नाहीशी झाली तर. पक्षाची गाडी आली तेव्हा तिला मीही परत पाठवलं.

मशीनपुढे उभी राहिले. बाबांचं बटण दाबायला आले होते मी, त्यांचं राहिलेलं. यादी वरून खाली वाचली, मला हवं ते नाव कुठे आहे ते बघितलं. आणि माझं बोट जुन्या निशाणीकडे निघालं. मी, जिने आयुष्यभर त्या निशाणीवर तोंडसुख घेतलं. ते बोट माझं वाटेना. नखाची ठेवणसुद्धा बाबांची आहे हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं. मी डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं, ते खाली आणलं आणि दुसरं बटण दाबलं. आवाज संपेपर्यंत मनगट सोडलं नाही. आतली बाई माझ्याकडे बघत होती.

बाहेर आल्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. भीती तेवढी वाटत होती. कसली ते धड सांगता येणार नाही. बाबांचं काम झालं आणि आता ते कुठे जातील, असं काहीतरी.

पत्र्यांपाशी ओळ उभी होती. माणसं कमी, मोकळ्या जागा जास्त. काकी आल्या होत्या, पुतण्याने खुर्चीवर बसवलेल्या. आता त्यांना फारसं काही आठवत नाही. नालासोपाऱ्याला त्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर थापा मारून शेजाऱ्यांना हाका मारतात, असं पुतण्या म्हणाला. त्या भिंतीपलीकडे रस्ता आहे. मी चहा घेतला आणि जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

त्यांनी मान वर करून मला ओळखलं. मग माझ्या मागे, शाळेच्या दिशेने पाहिलं.

"तुझो बापूस खंय रवलो?"

मी हातातला चहा त्यांच्यापुढे धरला.

"येयत," काकी म्हणाल्या आणि माझ्या साडीला हात लावून मला हलकेच ढकललं. "जरा बाजूक सर गो. तेका उभा रवाक जागा ठेव."

मी सरकले.