चिबडाचा चिबूड

आमच्या शेजारच्या चाचांवर अन्याय झाला तो पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, त्यांच्याच बांधावर. एका शब्दाने झाला. मी तिथे होतो, हेही लिहून ठेवतो.

आमच्या अमडापूर भागात कोणाचे वावर चिबड आहे, म्हणजे पाणी धरून ठेवते, हे पाहायला लोक चाचांना बोलवत. ते चप्पल काढून टाच ओल्या मातीत दाबत आणि मान वाकडी करून ऐकत. एकदा मी विचारले, "चाचा, चिबड म्हणजे नेमकं काय?"

"दाब टाच. काय वाजलं?"

"चिब."

"आता काढ बरं पाय."

निघेना.

"अडला ना? चिब वाजते अन् अडते, म्हून चिबड. कालेजात हे नाही शिकवत काय बे?"

ही व्युत्पत्ती कोशात बसेल की नाही, ठाऊक नाही. माझी चप्पल मात्र त्याच वावरात राहिली.

त्या वर्षी पाऊस हटेचना. चाचांची बीटी कपाशी पाण्यात उभी राहून लाल पडली. आम्ही हळहळलो तर म्हणाले, "बीटीले अळी मारता येते म्हणे. पोहणं कोन शिकवन तिले?"

सोमवारी पंचनाम्याला साहेब आले. कोकणातले, नवे. बूट भरतील म्हणून बांधावरच थांबले.

"काय झालंय?"

"चिबडली साहेब. पुरी चिबडली."

साहेबांनी कागदावरची मान वर न करता लिहिले, पीक : चिबूड. त्यांच्याकडे ते खरबुजासारखे गोड फळ. आमच्याकडे ते कोणी पाहिलेलेही नाही. चाचांना वाचता येत नव्हते, त्यांनी अंगठा दिला. मला वाचता येत होते. मी वाचले नाही.

चूक कळल्यावर चाचा अर्ज घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढत राहिले. मदत हवी होतीच, पण चीड वेगळीच होती. "कापूस पेरला मी, बेटा. सरकारनं मले फळवाला करून टाकलं."

उन्हाळ्यात चाचा तापाने गेले. उत्तर त्यानंतर आले, त्यांच्याच नावाने : 'आपल्या सातबाऱ्यावर चिबूड या पिकाची नोंद आढळत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

चाचींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

"कापूस लिवलं का त्याच्यात?"

"नाही, चाची."

वाचणाऱ्यांनो, यंदाचे पंचनामे सुरू झाले की बांधावर जा. शेजाऱ्याचा अंगठा उठण्याआधी तो कागद हातात घ्या आणि मोठ्याने वाचा.