साडूंचे व्होल्टमीटर

माझ्या थोरल्या साडूंनी जुन्या वीज मोजायच्या मीटरांवर जितकं प्रेम केलं, तितकं उभ्या हिंगोली जिल्ह्यात कुणी सख्ख्या भावावरही केलं नसेल. एकोणीसशे नव्वद साली वीजखात्यातून निवृत्त होऊन ते हिंगोलीजवळच्या गोरेगावला राहायला आले आणि हिंगोलीतल्या भंगारवाल्यांचे दिवस पालटले. लोक बाजारातून भाजी आणत. साडू पिशवीतून निजामाच्या काळातले व्होल्टमीटर आणत. पितळी कडं, सागवानी पेटी, आत केसासारखी स्प्रिंग. ती चिमट्यानं सरळ करताना ते श्वाससुद्धा बेतानं घेत आणि तेवढ्यात घरात कुणी शिंकलं तर दिवसभर अबोला धरत. भिंतीवर देवांपेक्षा मीटर जास्त झाले, तेव्हा मेव्हणी म्हणाली, "देवाला निदान रोज पुसावं तरी लागत न्हाई!" संध्याकाळी दिवे पिवळे पडले की साडू मीटर बघून ओट्यावरून ओरडत, "दीडशेच व्होल्ट! पाण्याच्या मोटारी लावू नका रे!" आणि शेजारी निमूट ऐकत.

एकदा औरंगाबादहून जुन्या वस्तूंचे एक व्यापारी जीप करून आले. प्रत्येक मीटरचं मोल सांगण्याआधी साडूंनी त्याचे दोष सांगितले. मुलीच्या बापाला परवडणार नाही इतक्या खरेपणानं. तरी सौदा जुळत आला होता.

"नेऊन काय करणार तुमी?" साडूंनी विचारलं.

"हॉटेलात लावू, शोभेला."

"तार जोडणार न्हाई?"

"ती कशाला?"

साडूंनी पेटी मिटली. "चहा घ्या आन् निघा. जित्या माणसाच्या फोटोला काहून हार घालून राहिले?"

पुढं त्यांना मोतीबिंदू झाला. ते कुणाला सांगेनात. मीटरच बिघडलेत म्हणू लागले. धड चालणारा एक उघडला आणि त्याची स्प्रिंग त्यांच्याच चिमट्यात तुटली. त्या संध्याकाळी ते ओट्यावर नुसतेच बसून राहिले. मेव्हणी बाहेर आली, जवळ टेकली आणि म्हणाली, "कुठं बघायचं असतं, मला दाखवा." पहिल्या दिवशी तिनं सातशे सांगितले. तरी रोज तीच बघू लागली.

ऑपरेशननंतर साडूंना स्वच्छ दिसू लागलं. मी भेटायला गेलो, तर तारा जोडून त्यांनी आत हाक मारली, "आगं, बघ बरं किती हाय."

"आता तुम्हाला दिसतंय की," मी म्हणालो.

"दिसून राहिलं ना. पर तिला बघू द्या."

मेव्हणी पदराला हात पुसत आली, वाकली. "एकशे साठ."

काटा दीडशेच्याही खाली होता. मला खुर्चीवरून दिसत होता. साडू तर त्याच्यासमोरच उभे होते.

"बराबर," ते म्हणाले.