नाक्यावरचा बेहडा

परवा एक वेडेपणा केला. परतवाड्याच्या पुढे, मेळघाटात शिरताना, जिथे माझे बाबा जंगल खात्यात नाकेदार होते, तिथे एकटीच जाऊन आले. अमरावतीहून भाड्याची गाडी केली, मुलाला कळवलंच नाही... कळवलं असतं तर त्याने तिकडून, अमेरिकेतून, मला माझं वय ऐकवलं असतं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल, माझ्या लहानपणी वऱ्हाड मध्यप्रांतात होतं. सीपी अँड बेरार म्हणायचे. दुसरी मोठी लढाई चालू होती, पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून परतवाड्याच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. तो कोळसा आमच्याच जंगलातून जायचा.

काका-चुलते खाली काळ्या शेतात कापूस पेरायचे, बाबांनी मात्र ही नोकरी धरली. आई मी फार लहान असतानाच गेली. नाक्यावर एक कौलारू खोली, रस्त्यात आडवा बांबू, आणि आम्ही दोघं. बाबा दिवसभर फिरतीवर... मी दिवसभर एकटी.

तेव्हाचं जंगल म्हणजे नुसती सरमिसळ. सालई, धावडा, ऐन, मोह, तेंदू आणि मध्येच कुठेतरी साग. नाक्यासमोर एक म्हातारा बेहडा होता, आतून पोकळ. बेहड्यावर भूत असतं म्हणून गाडीवान त्याच्याखाली बैल सोडायचे नाहीत, पण माझी सोबत त्या बेहड्यातच होती.

वरच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती. ही मादी अंडी घालायच्या वेळी स्वतःला ढोलीत लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. नर बिचारा दिवसभर उंबरं आणून त्या फटीतून भरवतो, आणि खाल्लेल्या फळांच्या बिया रानभर टाकत हिंडतो. मी खाली बसून तिला रोज सगळं सांगायचे. उत्तर काही यायचं नाही, पण कोणीतरी ऐकतंय असं वाटायचं...

मग वरून हुकूम आला. सरकारला सरळ साग हवा होता. बाकीची वाकडी, पोकळ झाडं जागा अडवतात म्हणून ती मारायची. तोडायची नाहीत... खोडाभोवती गोल साल सोलून काढायची. मग झाड उभ्या उभ्या वाळतं.

एके दिवशी मी नाल्यावरून पाणी घेऊन आले, तर माझ्या बेहड्याला पांढरंशुभ्र कडं. बाबा शेजारी कुऱ्हाड पुसत उभे होते.

"आत ते मादी बसली हाय नं बाबा," मी म्हटलं.

"मले ठाऊक हाय, माय. पण उद्या साहेब पाहाले येऊन राहिला. नोकरी हाय..." एवढंच बोलले.

त्या दिवसापासून मी बाबांशी बोलणं टाकलं. माझं ताट उचलून बाहेर ओट्यावर जेवायचे. ते आत, मी बाहेर. त्या बेहड्याकडे तर मी पुन्हा मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

पावसाळ्याच्या तोंडी त्यांनी मला शाळेसाठी अमरावतीला आत्याकडे धाडलं. भेटायला आले की चारोळी आणायचे. मी घ्यायचे आणि तोंड फिरवून आत निघून जायचे. पुढे काही वर्षांत बाबा तापाने गेले.

परवा तिथे पोचले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागच साग, कवायतीला उभा केल्यासारखा. एक पाखरू बोलेना. नाक्याची खोली कधीच गेलेली. आणि बेहडा... बेहडा उभा होता. जाडजूड, वेडावाकडा आणि हिरवागार.

"आजी, गाडी कावून थांबवाले सांगतली? इथं त काईच नाही," गाडीवाला म्हणाला.

"तुमी बसा, मी आलीच," म्हणून मी काठी टेकत गेले.

खोडावरचं कडं अजून तसंच होतं. दोन्हीकडून साल ओठासारखी फुगून आलेली. त्यावर हात ठेवून मी चाचपत गोल फिरले. मागच्या अंगाला, दरीकडे, जिथे रस्त्यावरून कोणाची नजर जात नाही, तिथे माझ्या हाताला कडं लागेना. वीतभर जागेत कुऱ्हाड पडलीच नव्हती... साल वरपासून खालपर्यंत अखंड होती.

साल थोडी जरी राहिली तरी झाड जगतं. नाकेदाराला हे ठाऊक असतंच, आणि कामात बाबांचा हात कधी चुकत नसे. त्यांनी ती मुद्दाम ठेवली होती.

मग मला का नाही सांगितलं? कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नसे. साहेब आले की मी त्यांच्या मागेमागे फिरून घरातलं सगळं सांगून टाकायचे. हे कळलं असतं तर बाबांची नोकरी गेली असती, आणि बेहडाही. म्हणून ते उन्हाळाभर माझं ओट्यावरचं ताट बघत गप्प राहिले. पुढे अमरावतीला सांगायला आले असतील कदाचित... तेव्हा मीच थांबत नव्हते.

"रडून राहिल्या काय आजी?" गाडीवाल्याने विचारलं. हो म्हटलं. या वयात लपवायचं कशाला?

घरी येऊन कुलूप उघडलं. हे ज्याला सांगावं असं घरात कोणी नाही, म्हणून इथे लिहिते आहे. इतकी वर्षं मी धरून चालले होते की त्या उन्हाळ्यात नाक्यावर मी एकटी पडले होते. माझी सोबत तर बाबांनी जिवंत ठेवली होती... एकटे पडले होते ते बाबा.