ओरिजिनल जमा

मी सूड घेतला आणि घेताना मला मजा आली. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं कुणी मला बिचारी म्हणायला नको.

नर्सिंग पास होऊन मी शहरातल्या एका खासगी दवाखान्यात लागले. पहिल्याच दिवशी तिथल्या प्रशासन अधिकाऱ्यानं माझी मार्कशीट, डिप्लोमा, नोंदणी, सगळं मागून घेतलं. आमच्यात याला ‘ओरिजिनल जमा’ म्हणतात. सिस्टर मधेच सोडून जाऊ नये म्हणून तिचे मूळ कागद दवाखान्याच्या कपाटात. मला तर तेव्हा बरंच वाटलं. माझी भाड्याची खोली गळायची. म्हटलं, इथं तरी कागद कोरडे राहतील. एवढी मी शहाणी.

दोन वर्षांनी सरकारी भरतीत माझं नाव लागलं. कायमची नोकरी. हल्लीच्या पोरींना कायमची म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, कारण जिथं तिथं अकरा महिन्यांचा करार, एक दिवसाचा ब्रेक आणि परत नवा करार. कागदांच्या पडताळणीला ओरिजिनल लागणार होते. मी अधिकाऱ्याकडं गेले. तो म्हणाला, “सिस्टर, एका दिवसासाठी मागताय, पण एकदा गेलात की तुम्ही काय परत येत नाय.” खरंच होतं, नसतेच आले. ड्युटी करून चार दिवस मी त्याच्या दारात उभी राहिले. चौथ्या दिवशी बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, “झेरॉक्स दाखवा की, चालतंय.”

चाललं नाय. प्रतीक्षा यादीतली मुलगी माझ्या जागी लागली. करार संपल्यावर माझे कागद मिळाले, पण पुढची भरती निघेपर्यंत माझं वय उलटून गेलं होतं. त्या मुलीवर माझा राग नाय. त्याच्यावर आहे, आणि तो मी लोणच्यासारखा मुरवलाय.

मग दिवस फिरले. शहराभोवती कारखाने वाढले तसे दवाखाने वाढले, पार पडेगावपर्यंत पाट्या लागल्या. इमारती झाल्या, मशिनी आल्या, पण सिस्टर आणायच्या कुठून? शिकलेल्या पोरी आखातात, पुण्यात, नायतर इथंच औरंगपुऱ्यात, जर्मनीला जायचं म्हणून जर्मन शिकायच्या क्लासला. अशात एका नव्या दवाखान्यानं मला मेट्रन केलं, आणि सिस्टर घ्यायचं काम माझ्या हाती आलं.

तो अधिकारी अजून जुन्या दवाखान्यातच होता. पहिला फोन मी तिथल्या आयसीयूतल्या इनचार्जला केला. माझ्याच बरोबरीची होती ती. म्हटलं, माझ्याकडं ये, मी कागद बघते आणि तिथल्या तिथं परत देते.

“हौ, पर हमारे ओरिजिनल तो उधरीच हैं ना,” ती म्हणाली.

“नोंदणीच्या नूतनीकरणाला पाहिजेत म्हणून माग. त्याला नाय म्हणता येत नाय.”

तिनं मागितले. मग दुसरीनं मागितले. एकीमागून एक आठ जणी निघाल्या आणि सगळ्या माझ्याकडं आल्या. तिकडं अर्ध्या खाटांना कुलूप लागलं. तो स्वतः वॉर्डात उभा राहून ड्युट्या लावतोय, हे कानावर आलं आणि माझा जीव थंडावला. कँटीनमध्ये मी आणखी एक चहा मागवला. “पण तिथल्या पेशंटांचं काय?” असं त्या आठातल्याच एकीनं विचारलं, तेव्हा मी चार्ट चाळत बसले.

गेल्या आठवड्यात बिडकीनहून माझ्या बहिणीच्या मुलीचा फोन आला. ती याच वर्षी नर्सिंग पास झाली. तिला माझ्याकडं घेईन असं मी कबूल केलं होतं, पण या आठ जणींच्या नादात तिच्यासाठी जागाच उरली नव्हती.

“मावशी, मला लागली नोकरी. एकदम आठ जागा निघाल्या होत्या बघ.”

दवाखाना कोणता ते तिनं सांगितलं. माझाच जुना.

“कागद दिलेस का?”

“व्हय, ओरिजिनल मागितले ना. तिथले साहेब लई चांगलेत, मावशी. घरात आणखी कोण नर्स आहे विचारलं, मी तुझं नाव सांगितलं. मग माझी फाईल त्यांनी स्वतःच्या हातानं कपाटात ठेवली. म्हणाले, मावशीला सांग, काळजी करू नका, पोरगी आता आमच्याकडं आहे.”